मातृत्वापलीकडील स्त्रीआरोग्य : गडचिरोली अभ्यासाचे पुनर्वाचन

ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार दीर्घकाळ गर्भारपण, बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपुरता सीमित राहिला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांच्या १९८९ मधील ‘लॅन्सेट’मधील शोधनिबंधाने ही मर्यादा उघड केली. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती.

दोन गावांवरून सर्व ग्रामीण भारताविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य करावे लागते. तथापि आजार आणि तक्रार यांतील तफावत हेच या निबंधाचे मर्म होय. अंगावरून पांढरे जाणे ‘बाईच्या जातीला असायचेच’ असे मानले जाते, तेथे केवळ औषध पुरवून भागत नाही.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजनेने ‘आशा’ स्वयंसेविकेचा मोबदला संस्थात्मक प्रसूतीशी जोडला. त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु त्यात न बोललेल्या दुखण्याची मोजदाद होत नाही. म्हणून प्रशिक्षणात माहिती देण्याइतकेच ऐकून घेण्यालाही स्थान हवे. विधवा, निपुत्रिक वा पाळी गेलेल्या स्त्रीचे दुखणे आशेला ओळखता आले, तरच ते स्त्रीआरोग्याचे प्रशिक्षण ठरेल.