सैद्धांतिक क्षमतेच्या आकड्यांचे प्रामाण्य : दोन ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेची चिकित्सा

दोन ग्राफिक्स कार्डांचे तपशील शेजारशेजारच्या रकान्यांत मांडावयाचे आणि ज्या रकान्यात मोठे आकडे अधिक, ते कार्ड श्रेष्ठ ठरवावयाचे, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की तिच्या ग्राह्यतेविषयी सहसा शंका घेतली जात नाही. संशोधनासाठी गणनयंत्रे निवडतानाही हीच पद्धत स्वीकारली, तर निवड आणि निष्कर्ष दोन्ही चुकण्याचा संभव असतो. म्हणून या आकड्यांतून नेमके काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विचार एखाद्या ठोस उदाहरणाच्या आधारे होणे इष्ट आहे. एनव्हिडियाचे जीफोर्स जीटीएक्स १०८० (मे २०१६) आणि एएमडीचे रेडिऑन आरएक्स वेगा ६४ (ऑगस्ट २०१७) ही जोडी त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. दोन्ही कार्डे आता जुनी झाली असून कागदावरील भाकीत व प्रत्यक्षातील अनुभव यांचा ताळा त्यांच्या बाबतीत घेता येतो.

प्रथम मुख्य तपशील पाहावेत. जीटीएक्स १०८० च्या चिपचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर असून तीत ७२० कोटी ट्रान्झिस्टर आणि २,५६० गणनघटक आहेत. वेगा ६४ ची चिप पुष्कळच मोठी आहे. तीत १,२५० कोटी ट्रान्झिस्टर व ४,०९६ गणनघटक आहेत. दोहोंची मेमरी ८ गिगाबाइटच आहे. परंतु पहिल्याच्या मेमरीतून सेकंदाला ३२० गिगाबाइट, तर दुसऱ्याच्या मेमरीतून सुमारे ४८४ गिगाबाइट माहितीची ने-आण होऊ शकते. विजेची नेमून दिलेली मर्यादा अनुक्रमे १८० व २९५ वॅट इतकी आहे.

सर्वांत अधिक उद्धृत होणारा आकडा टेराफ्लॉप्सचा. तो मोजलेला नसून केवळ गुणाकाराने काढलेला असतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गणनघटकांची संख्या, क्लॉकची गती आणि दोन यांचा तो गुणाकार होय. यांपैकी 'दोन' येतात ते प्रत्येक घटक एका आवर्तनात एक गुणाकार व एक बेरीज एकाच आज्ञेने करू शकतो म्हणून. १,७३३ मेगाहर्ट्झ या बूस्ट गतीस जीटीएक्स १०८० चा आकडा ८.८७ टेराफ्लॉप्स येतो. १,५४६ मेगाहर्ट्झला वेगा ६४ चा १२.६६ येतो. म्हणजे वेगा ६४ सुमारे ४३ टक्क्यांनी पुढे. परंतु बूस्ट गती ही हमी नव्हे; उष्णता आणि वीज यांच्या मर्यादेत ती टिकेल तितकीच खरी. हमीची मूळ गती अनुक्रमे १,६०७ व १,२४७ मेगाहर्ट्झ आहे. ती धरल्यास तेच आकडे ८.२३ व १०.२२ होतात आणि आघाडी २४ टक्क्यांवर येते. चिपमध्ये काहीही न बदलता केवळ रकाना बदलल्याने निम्म्याच्या आसपास आघाडी नाहीशी व्हावी, हे या आकड्याच्या स्वरूपावर पुरेसा प्रकाश टाकणारे आहे.

दुसरा दोष पुनरुक्तीचा. पृष्ठपोताच्या प्रक्रियेचे, म्हणजे टेक्स्चरचे, आकडे सेकंदाला २७७ व ३९६ अब्ज असे देऊन वेगा ६४ चा आणखी एक विजय नोंदविला जातो. वस्तुतः टेक्स्चरचे घटक १६० व २५६ आहेत. हे प्रमाण गणनघटकांच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळते. तेव्हा हा स्वतंत्र पुरावा नव्हे. एकच गोष्ट दोनदा मोजली गेली आहे.

सॅम्युएल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी २००९ मध्ये मांडलेले 'रूफलाइन' प्रतिमान या रकानेवजा तुलनेपेक्षा निश्चितच अधिक शास्त्रशुद्ध आहे. कोणत्याही प्रोग्रॅमची गती एक तर गणनशक्तीने अडते किंवा मेमरीने, आणि कशाने अडेल हे प्रत्येक बाइटमागे किती गणना होतात यावर ठरते, असा त्याचा आशय आहे. बूस्ट गतीस हा सांधा जीटीएक्स १०८० मध्ये बाइटमागे सुमारे २८ गणनांवर, तर वेगा ६४ मध्ये सुमारे २६ गणनांवर पडतो. दोन्ही कार्डांचा तोल जवळजवळ सारखाच. त्यामुळे प्रतिमानाचे भाकीत स्पष्ट आहे : काम कोणतेही असो, वेगा ६४ ने ४३ ते ५१ टक्क्यांनी पुढे राहावे. प्रत्यक्षात मात्र प्रसिद्ध झालेल्या बहुतेक खेळांच्या चाचण्यांत दोन्ही कार्डे साधारण बरोबरीने चालली. काही खेळांत एक पुढे, काहींत दुसरे.

या विसंगतीचे एक कारण तपशिलांतच आहे, फक्त ते ठळक अक्षरांत छापले जात नाही. चित्रनिर्मितीत त्रिकोणांचे पिक्सेल करणारे विभाग दोन्ही चिपमध्ये चार-चारच आहेत. तयार पिक्सेल लिहिणारे घटकही चौसष्ट-चौसष्टच. संख्या समान असता क्लॉकची गती निर्णायक ठरते, आणि तेथे जीटीएक्स १०८० सुमारे १२ टक्क्यांनी पुढे आहे. जात्याचे पाळू मोठे केले, परंतु तोंड तेवढेच ठेवले, तर पीठ त्या प्रमाणात वाढत नाही. दुसरे कारण असे की ४,०९६ घटक सतत कामात ठेवावयाचे तर तितके समांतर काम हाताशी असावे लागते. वेगा ६४ मध्ये ६४ धाग्यांचा एक गट एकत्र चालतो, जीटीएक्स १०८० मध्ये ३२ चा. गटातील धागे भिन्न मार्गांनी गेले की मोठ्या गटात अधिक घटक रिकामे राहतात.

याचा अर्थ वेगा ६४ चे आकडे खोटे होते असा मात्र नव्हे, आणि येथे काही टीकाकारांचा तोल दुसऱ्या बाजूस ढळतो. ईथेरियमचे चलन-उत्खनन सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले. तोवर मेमरीवरच अवलंबून असलेल्या त्या कामात वेगा ६४ स्पष्टपणे सरस ठरले होते. तेथे त्रिकोण नव्हते, पिक्सेलही नव्हते. ६४ बिटांच्या गणनेतही जीटीएक्स १०८० ची क्षमता ३२ बिटांच्या क्षमतेच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढी, तर वेगा ६४ ची सोळाव्या हिश्शाएवढी आहे. सुमारे २७७ विरुद्ध ७९२ गिगाफ्लॉप्स हा फरक गणितीय प्रतिरूपणाच्या अभ्यासकास दुर्लक्षून चालणार नाही. त्याचबरोबर कूडासाठी लिहिलेला प्रोग्रॅम वेगा ६४ वर जसाच्या तसा चालत नाही, ही अडचण कोणत्याही रकान्यात दिसत नाही, तरी निवडीत तिचे वजन मोठे असते.

एकंदरीत, सैद्धांतिक क्षमतेचा आकडा ही वरची मर्यादा आहे. या मर्यादेच्या पलीकडे यंत्र जाणार नाही एवढेच तो सांगतो, ते तेथवर पोहोचेल असे सांगत नाही. कोणते कार्ड चांगले, हा प्रश्न त्यामुळे अपुरा राहतो. कोणत्या कामासाठी, त्या कामात अडथळा कोठे पडतो, आणि कोणती गती गृहीत धरली आहे, या तीन गोष्टी सांगितल्यावरच तुलनेस अर्थ प्राप्त होतो. प्रबंधात एखाद्या कार्डाची क्षमता नमूद करताना केवळ टेराफ्लॉप्स न देता प्रस्तुत प्रोग्रॅमवर मोजलेली गती आणि त्या मर्यादेशी तिचे प्रमाण दिले, तर वाचकास यंत्राचीही पारख होईल आणि प्रोग्रॅमचीही.