पोशाख सुपरमॅनचा, चेहरा शफीकचा

सुपरमॅनचा निळा-लाल पोशाख तोच राहतो, नट बदलत जातात. ख्रिस्तोफर रीव्हने १९७८ ते १९८७ या काळात चार चित्रपटांत तो घातला; पुढे ब्रँडन राऊथ (२००६), हेन्री कॅव्हिल (२०१३) आणि डेव्हिड कोरेन्स्वेट (२०२५) आले. एक नट गेला म्हणून मालिका थांबत नाही.

मालेगावात मात्र तसे झाले नाही. तिथला सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर राबणारा शफीक शेख. दिग्दर्शक नासिर शेख यांनी या काटकुळ्या कामगाराला हिरव्या पडद्यासमोर उडवले, तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध लढवले. पुढे तोंडाच्या कर्करोगानेच शफीकचा इंतकाल झाला. हे ठाऊक असले की त्या विनोदी चित्रपटाला हसताना घास अडकतो.

फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट आम्हांस मोलाचा वाटतो. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे बातम्यांत आलेले हे गाव त्यात स्वतःच्या बोलीत बोलते, हसते. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मध्ये (२०२५) शशांक अरोरा यांनी शफीक मनापासून उभा केला आहे. पण तिथे शफीकचीही भूमिका झाली. ती उद्या दुसरा नटही करू शकेल.

वसईतील आमच्या उर्दू शाळेच्या मुलांना दोन्ही दाखवायचे झाले, तर आम्ही माहितीपट आधी दाखवू. खऱ्या शफीकचा चेहरा त्यांनी आधी पाहावा.