टोपणनाव, आडनाव आणि राजवाड्यांची व्युत्पत्ती

मराठी आडनावांच्या अभ्यासात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (मृत्यू १९२६) यांचा अधिकार अद्याप मोठा आहे, आणि तो अनाठायी नाही. व्यक्तिनामे, ग्रामनामे व आडनावे ही इतिहासाची साधने आहेत, हे त्यांनी ठासून सांगितले. परंतु शक्य तेथे आडनावाच्या मुळाशी प्राचीन गोत्रनाम अथवा संस्कृत शब्द पाहण्याचा त्यांचा कल टोपणनावांतून निघालेल्या आडनावांच्या बाबतीत दिशाभूल करतो.

टकले, बोबडे, बहिरे ही नावे घ्यावीत. त्यांचे मूळ शोधण्यापूर्वी त्यांचे रूप पाहावयास हवे. 'टकला' ही चेष्टा आहे. 'टकले' हे घराणे आहे. दोहोंत अंतर आहे ते एका आदरार्थी अनेकवचनाचे. गावाने एका पुरुषास चिकटविलेले विशेषण अनेकवचनी होऊन पुढील पिढीकडे जाते आणि त्यातील डंख बोथट होतो. स्त्रीच्या नावापुढेही ते 'टकली' होत नाही, 'टकले'च राहते. आणि तरीही 'टकल्यांचा वाडा' म्हणताना त्याचे सामान्यरूप बिनचूक होते. विशेषणाचे विशेषनाम कसे झाले याचा हा पुरावा रोजच्या बोलण्यात पडलेला आहे. संस्कृत मुळाच्या शोधात नेमका तोच दृष्टीआड होतो.

'-कर' प्रत्ययाची गोष्ट निराळी. जालन्याच्या मस्तगडात राहणाऱ्यास तेथे कोणी मस्तगडकर म्हणणार नाही. गाव सुटल्यावरच गावाचे नाव माणसास लागते. (वृत्तपत्रांतील 'जालनेकरांनो' ही हाक आडनाव नव्हे.) '-कर' हे बहुधा परक्यांनी दिलेले नाव, तर 'टकले' शेजाऱ्यांनी दिलेले.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गावांत मोजकीच आडनावे असल्याने प्रत्येकास एक जोडनाव लागे, व ते सरकारी याद्यांतही चढे. थोरल्या मुलास आजोबांचे नाव देण्याच्या रूढीने नामसाम्य आणखी वाढे. मराठी घरांतही नातवास आजोबांचे नाव ठेवीत. पण ते आजीस व सुनेस उच्चारता येत नसे. मग त्याला बाळ, नाना, अण्णा म्हणावे लागे. येथील टोपणनावाचे एक कारण असे नामसाम्यापेक्षा नामनिषेधात सापडते.

दगडू, धोंडू, केरू, भिका ही नावे पुष्कळदा 'नकोशी'च्या पंक्तीस बसविली जातात. हे वर्गीकरण चुकीचे आहे. मुले दगावलेल्या घरात 'दगडू' हे मूल जगावे म्हणून ठेवलेले नाव. 'नकोशी'त तसला आडपडदा नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, ती या अर्थामुळेच.

जातिवाचक वा हीनतादर्शक आडनाव राजपत्रात जाहिरात देऊन बदलणाऱ्यासही त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. त्यास एखादे गोत्र काढून दाखविणे म्हणजे त्याची तक्रारच अमान्य करणे होय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव आले. आडनाव पूर्वीप्रमाणे शेवटी राहिले.