बाळंतिणीची अल्पाक्षरी साक्ष

मराठी साहित्यात आई विपुल आहे. बाळंतीण मात्र शोधावी लागते. ‘श्यामची आई’ (१९३५) हा आईच्या गौरवपरंपरेचा कळस, पण तेथे बोलतो तो मुलगा. लोकगीतांनी गर्भिणीला डोहाळ्यांच्या रूपाने काही मागण्याची मुभा दिली. प्रसूतीनंतर मात्र गीताचा विषयच पालटतो. पाळणा बाळासाठी असतो. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाचे दुःख उदंड आहे. बाळंतपणानंतरची उदासी त्यात मिसळून गेली असणे शक्य आहे, पण तिला वेगळे नाव मिळाले नाही.

या दृष्टीने राससुंदरीदेवींचे ‘आमार जीबन’ पुन्हा वाचण्याजोगे आहे. बंगालीतील पहिले मानले जाणारे हे आत्मचरित्र आपण सहसा चोरून अक्षरे शिकलेल्या स्त्रीची कथा म्हणून वाचतो. परंतु अठराव्या वर्षापासून एकेचाळिसाव्यापर्यंत त्यांना बारा अपत्ये झाली, आणि या तेवीस वर्षांतील आपली अवस्था परमेश्वरालाच ठाऊक, अशा आशयाचे मोजकेच शब्द त्या खर्च करतात. याउलट, मुलांच्या धांदलीत दोन दिवस पोटात अन्न गेले नाही, तो प्रसंग मात्र बारीकसारीक तपशिलांसह येतो. भुकेविषयी बोलण्यास भाषा होती, मनाविषयी नव्हती. कोणी याला भक्ताची सहनशीलता म्हणेल. मला ते पटत नाही. ईश्वराला साक्षी ठेवणे म्हणजे येथे माणसांत साक्षीदार न मिळाल्याचे निवेदन आहे.

तथापि या मौनावर आजच्या वैद्यकातील नैराश्याचे निदान चिकटवणे हा दुसरा अतिरेक होईल. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिल्मन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) या कथेमागे १८८५ मधील प्रसूती, नंतरचे मानसिक आजारपण आणि लेखन बंद करावयास लावणारा विश्रांती-उपचार होता, हे त्यांनीच नोंदविले. राससुंदरीदेवींनी तसा दुवा ठेवलेला नाही. गोव्यातील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५२ मातांपैकी ५९ जणींत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले. त्याचा संबंध दारिद्र्याशी, वैवाहिक हिंसेशी आणि मुलगी जन्मण्याशीही दिसला. अशा आकड्यांनी जुन्या ग्रंथाचे निदान होत नाही. कोठे कान द्यावा, एवढे कळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील बाळंतपणे आणि अपत्यवियोग त्यांच्या विनोदाआड किती राहिले, हेही तसा कान देऊन तपासण्यासारखे आहे.