'किंक्स' आणि त्यांचें लहान जग

कलावंताला विस्तीर्ण जग मिळालें म्हणजे त्याची कलाही विस्तीर्ण होते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. लेखकाचीं पुस्तकें परभाषेंत गेलीं, गायकाची कीर्ति समुद्रापार पोंचली, कीं आपण त्याच्या मोठेपणाचें माप श्रोत्यांच्या संख्येवरून घेऊं लागतों. या मापानें ज्याचा हिशेब नीट लागत नाहीं असें एक उदाहरण इंग्लंडांतील रॉक संगीताच्या इतिहासांत आहे. 'किंक्स' नांवाचा वाद्यवृंद १९६४ सालीं लोकांपुढें आला आणि १९९६ सालीं थांबला. 'बीटल्स' व 'रोलिंग स्टोन्स' यांच्या बरोबरीनें त्याचें नांव घेतात, परंतु बहुधा शेवटीं घेतात. या बत्तीस वर्षांतील त्याचें उत्तम कार्य ज्या चार वर्षांत झालें, त्या चार वर्षांत अमेरिकेचें दार त्याला बंद होतें. ही गोष्ट केवळ योगायोगाची, कीं तिच्यांत कलेविषयीं कांहीं शिकण्यासारखें आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उत्तर लंडनमधील फॉर्टिस ग्रीन या भागांत एका श्रमजीवी कुटुंबांत आठ अपत्यें होतीं. आधीं सहा मुली आणि त्यांच्यामागून दोन मुलगे. रे डेव्हिस १९४४ सालीं जन्मला, डेव्ह १९४७ सालीं. घराच्या पुढच्या खोलींत पियानो होता. शनिवारीं रात्रीं सारें कुटुंब त्याच्याभोंवतीं जमे आणि जुन्या 'म्युझिक हॉल'मधलीं गाणीं गाई. जून १९५७ मध्यें, रेच्या तेराव्या वाढदिवशीं, त्याच्या एका थोरल्या बहिणीनें त्याला स्पॅनिश गिटार भेट दिली. तिचें हृदय दुबळें होतें. त्याच रात्रीं ती लंडनच्या लायसियम नृत्यगृहांत गेली आणि नाचतां नाचतां कोसळून मरण पावली. मुलाच्या हातीं वाद्य आलें आणि ज्या हातानें तें दिलें तो त्याच दिवशीं गेला. कलावंताच्या चरित्रांतून त्याच्या कलेचा अर्थ लावण्याची घाई करूं नये हें खरें. तथापि ही एक घटना दृष्टीआड करून रे डेव्हिसचीं गाणीं नीट ऐकतां येतील असें आम्हांस वाटत नाहीं.

दोघे भाऊ, पीट क्वेफ आणि मिक एव्हरी अशा चौघांचा हा वृंद. त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका पडल्या. ऑगस्ट १९६४ मध्यें निघालेली तिसरी, 'यू रिअली गॉट मी', मात्र पुढच्याच महिन्यांत इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेली. सतरा वर्षांच्या डेव्हनें आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा पडदा दाढीच्या पात्यानें चिरून टाकला होता. त्या चिरलेल्या पडद्यांतून गिटारचा सूर फाटका, खरखरीत आणि चवताळलेला असा निघूं लागला. पुढें ज्याला कठोर रॉक म्हणूं लागले त्याच्या मुळाशीं हा आवाज आहे. गीतांत शब्द थोडे, अर्थ त्याहून थोडा. आहे ती केवळ यौवनाची धडक. तीं पदें अजूनही ताजीं वाटतात, पण तीं दुसऱ्या कोणा चौघांनींही निर्माण केलीं असतीं. रे डेव्हिसचें स्वतःचें म्हणावें असें त्यांत फारसें नाहीं.

यशाबरोबर भांडणेंही आलीं. मे १९६५ मध्यें कार्डिफ येथें भर रंगमंचावर डेव्हनें एव्हरीचीं वाद्यें लाथेनें उधळलीं. एव्हरीनें त्यांतलाच एक भाग उचलून त्याच्या डोक्यावर हाणला. सोळा टांके पडले. त्याच उन्हाळ्यांत वृंद अमेरिकेस गेला. तेथेंही संयोजकांशीं तंटे झाले, वादावादी झाली. परिणाम असा झाला कीं अमेरिकेंतील वादकांच्या संघानें १९६९ पर्यंत या चौघांना तेथें वाजविण्याचा परवाना दिला नाहीं. कारणें अधिकृतपणें कधीं स्पष्ट करण्यांत आलीं नाहींत. इंग्रजी वाद्यवृंद अमेरिका जिंकीत असतां, नेमक्या त्याच काळांत, 'किंक्स' घरीं बसले.

या बंदीनें रे डेव्हिसला नवी दृष्टि दिली असें म्हणणें मात्र भाबडेपणाचें होईल. दृष्टि आधींची होती, आणि तिचा एक पुरावा आपल्याच किनाऱ्यावर सांपडतो. जानेवारी १९६५ मध्यें ऑस्ट्रेलियास जातांना हा वृंद मुंबईस थांबला होता. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचा एकसुरी घोष रेच्या कानीं पडला. त्यांतून निघालेलें 'सी माय फ्रेंड्स' हें गीत जुलै १९६५ मध्यें प्रसिद्ध झालें. बीटल्सच्या गाण्यांत सतार ऐकूं आली ती त्यानंतर, डिसेंबरांत. गिटारवर तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून ठेवला आहे, आणि त्यावर नदीपलीकडे जाणाऱ्या मित्रांकडे पाहात मागें राहिलेल्या माणसाचा आवाज संथपणें फिरतो. या गीताचा संबंध रेनें स्वतः आपल्या दिवंगत बहिणीशीं जोडला आहे. भारतीय संगीताचें ज्ञान त्याला नव्हतें, आणि तें असल्याचा आवही गीतांत नाहीं. परक्या माणसांच्या रोजच्या कष्टाच्या आवाजांत त्याला आपलें दुःख ऐकूं आलें, एवढेंच. पण कवीजवळ हा एवढा कान असला म्हणजे पुरे.

आतां या कानाला चार वर्षें आपल्याच गल्लींतले आवाज ऐकत बसणें भाग पडलें. त्यांतून जें घडलें त्याची प्रगति दोन गीतें शेजारीं ठेवून पाहतां येते. पहिलें १९६५ मधील 'अ वेल रिस्पेक्टेड मॅन'. टॉर्की येथील हॉटेलांत भेटलेल्या धनिक पाहुण्यांवरून सुचलेलें हें गीत एका प्रतिष्ठित गृहस्थाची टर उडवितें: वेळच्या वेळीं कचेरी, वेळच्या वेळीं घर, आणि आंत सारा पोकळ दंभ. टर चांगली साधली आहे. पण ती बाहेरून उडविलेली आहे. गाणारा त्या गृहस्थाच्या घरीं कधीं गेलेला नाहीं आणि जाऊंही इच्छीत नाहीं.

दुसरें १९६९ मधील 'शांग्री-ला'. येथेंही मध्यमवर्गीय गृहस्थच आहे. आयुष्यभर राबून त्यानें उपनगरांत घर घेतलें आहे, घराला स्वर्गीय नांव ठेवलें आहे, झुलत्या खुर्चींत तो बसला आहे, कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, आणि रांगेंतलीं सारीं घरें एकसारखींच दिसतात. आरंभ उपहासाचाच आहे. परंतु गीत जसजसें पुढें सरकतें तसतसा उपहास ओसरूं लागतो. या मनुष्याला जें मिळालें तें थोडें आहे हें कवीला दिसतें, पण तेवढ्यासाठीं त्यानें किती मोजलें आहे हेंही दिसतें. शेवटीं वाद्यें चढत्या आवाजांत गर्जतात तेव्हां आपण हंसत नसतों. कारण उघड आहे: त्या खुर्चींत आपणच बसलेलों असतों, किंवा आपले वडील. टवाळीकडून समजुतीकडे झालेला हा चार वर्षांचा प्रवास हीच 'किंक्स'ची खरी कमाई होय.

मधल्या मुक्कामांत सर्वांत सुंदर ठिकाण म्हणजे मे १९६७ मधील 'वॉटर्लू सनसेट'. लहानपणीं रे टेम्सकांठच्या सेंट टॉमस रुग्णालयांत असतांना त्यानें ही नदी पाहिली होती. गीतांत एक एकलकोंडा माणूस खिडकींतून संध्याकाळची गर्दी पाहतो; एक तरुण जोडपें स्टेशनावर भेटतें आणि पूल ओलांडून जातें. एवढेंच घडतें. पाहणारा त्यांचा हेवा करीत नाहीं, त्यांना उपदेश करीत नाहीं, स्वतःच्या एकटेपणाचें प्रदर्शनही मांडीत नाहीं. दुसऱ्याचें सुख पाहून तृप्त होणारें मन काव्यांत फार क्वचित् भेटतें. रॉक संगीतांत, जेथें बहुतेक गीतें 'मला हवें' एवढ्याच भावनेवर उभीं असतात, तेथें तर तें विरळाच.

नोव्हेंबर १९६८ मध्यें 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' हा पंधरा गीतांचा संग्रह निघाला. तो नेमका ज्या दिवशीं निघाला त्याच दिवशीं बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनाचा जोडसंग्रह बाजारांत आला. किंक्सचा संग्रह ना इंग्लंडच्या खपाच्या यादींत चढला, ना अमेरिकेच्या. पन्नास वर्षांनीं, २०१८ मध्यें, एक लाख प्रतींच्या खपाबद्दलची सुवर्णमुद्रिका त्याला इंग्लंडांत मिळाली; आज तो त्यांची श्रेष्ठ कृति मानला जातो. गांवांतलें हिरवें मैदान, वाफेवर चालणारी शेवटची आगगाडी, शाळेंतला जुना सोबती, छायाचित्रांची वही अशीं त्याचीं चित्रें आहेत.

यावर एक आक्षेप घेण्यांत येतो आणि तो क्षुल्लक नाहीं. तरुण पिढी रस्त्यांवर उतरून जग बदलूं पाहात असतां हा गृहस्थ मुरंबे आणि मैदानें जपावयास सांगतो, ही पळवाट नव्हे काय? आम्हांस असें वाटतें कीं, आक्षेपकांनीं शीर्षकगीतच ऐकलें असावें, संग्रह ऐकला नसावा. त्या शीर्षकगीतांतही जपावयाच्या वस्तूंच्या यादींत डोनाल्ड डक हें अमेरिकेंतलें बदक आहे. तेव्हां हा स्वदेशाभिमानाचा जाहीरनामा नव्हे हें उघड आहे. जुन्या सोबत्याची आठवण काढणारा लगेच कबूल करतो कीं, आज तो भेटला तर दोघांना बोलावयास कांहीं उरणार नाहीं. शेवटचें गीत तर छायाचित्रें काढण्याच्या हव्यासालाच हंसतें: आपण होतों हें सिद्ध करण्यासाठीं माणसें एकमेकांचीं चित्रें काढतात. गतकाळाची ओढ आणि त्या ओढीवरचा अविश्वास हीं दोन्हीं या संग्रहांत शेजारीं नांदतात. नुसत्या ओढीनें भाबडें काव्य झालें असतें, नुसत्या अविश्वासानें कडवट.

पुढच्या वर्षींच्या 'आर्थर' या कथामालेंत हें लहान जग एकदम इतिहासाला भिडतें. आपल्या एका बहिणीच्या नवऱ्यावरून रेनें हें पात्र घडविलें. तीं दोघें १९६४ मध्यें ऑस्ट्रेलियास जाऊन स्थायिक झालीं होतीं. दूरचित्रवाणीवरील ज्या नाटकासाठीं हीं गीतें लिहिलीं तें रद्द झालें, पण गीतें राहिलीं. साम्राज्याचा ऱ्हास सेनापतींच्या दृष्टीनें पुष्कळांनीं वर्णिला आहे. येथें तो गालिचे बसविणाऱ्या एका सामान्य माणसाच्या बैठकीच्या खोलींतून दिसतो.

यानंतर दार उघडलें. १९७० मधील 'लोला' दोन्हीं देशांत गाजलें, आणि त्यांत कौतुक करण्याजोगें पुष्कळ आहे. परंतु १९७३-७४ मध्यें त्याच हिरव्या मैदानाचें 'प्रिझर्व्हेशन' नांवाचें अवाढव्य संगीत नाटक करण्यांत आलें, तेव्हां माणसांचीं बाहुलीं झालीं आणि सहानुभूतीच्या जागीं सिद्धान्त आला. पुढें अमेरिकेंतील प्रचंड सभागृहांसाठीं वृंदानें आवाज वाढविला. १९७९ चा 'लो बजेट' तेथें अकराव्या क्रमांकापर्यंत चढला. पैसा आला, तो त्यांना न्याय्यच होता. पण या काळांतलीं बहुतेक गीतें ऐकतांना कोणा विशिष्ट माणसाचा चेहरा डोळ्यांपुढें येत नाहीं.

याला अपवाद एक, आणि तोच आमचें म्हणणें सिद्ध करतो. १९८३ मध्यें 'कम डान्सिंग' अमेरिकेंत सहाव्या क्रमांकावर गेलें. त्यांत एक भाऊ शनिवारच्या रात्रीं नाचावयास जाणाऱ्या आपल्या बहिणीची आठवण सांगतो. तें नृत्यगृह आतां पाडलें गेलें आहे. चाल आनंदी आहे. सव्वीस वर्षांपूर्वींच्या त्या रात्रींचा एका शब्दानेंही उल्लेख नाहीं. मात्र रेनें येथें आपल्या बहिणीला मरण दिलें नाहीं. ती लग्न होऊन संसाराला लागते. एवढें एक सुख तिला देण्याचा अधिकार त्याच्या हातीं उरला होता, आणि तो त्यानें वापरला.

ज्या अमेरिकेनें त्यांना चार वर्षें बाहेर ठेवलें तिनेंच फॉर्टिस ग्रीनच्या या घरगुती गोष्टीवर इतकें प्रेम केलें, यांतच आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आहे. बंदीमुळें प्रतिभा उपजत नाहीं, आणि 'किंक्स'च्या बंदीचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तिनें त्यांचें नुकसानच केलें. परंतु जवळचें सोडून दूर धांवण्याची सोय तिनें कांहीं काळ काढून घेतली, आणि रे डेव्हिसनें त्या काळांत खिडकींतून दिसणारीं माणसें नीट पाहून घेतलीं. ज्यांना या संगीताचा परिचय नाहीं त्यांनीं 'वॉटर्लू सनसेट'पासून आरंभ करावा, मग 'शांग्री-ला' ऐकावें, आणि तें शक्य तर घरांतल्या वडील माणसांसह ऐकावें.