ज्यूद्वेषाचा आरोप आणि आपली भाषा

ब्रिटनच्या मजूर पक्षात २०१५ ते २०२० या काळात ज्यूद्वेषाच्या आरोपांवरून जे रणकंदन माजले, ते आमच्या शहापूर-मुरबाडकडे एकाच वाक्यात येऊन पोहोचले. पॅलेस्टाईनची बाजू घेतली म्हणून यहुदी लॉबीने कॉर्बिनला संपवले, हे ते वाक्य. मशिदीबाहेर नमाजानंतर रेंगाळणाऱ्यांत, कसारा लोकलच्या डब्यात, डाव्या मित्रांच्या बैठकीत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता कुणी पुरावा मागत नाही. आमचा आक्षेप या वाक्यावर आहे. त्यातला अर्धा भाग तपासण्याजोगा आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे ‘यहुदी लॉबी’ हे दोन शब्द, हाच तर त्या वादाचा विषय होता. आरोपाला उत्तर देता देता आपण आरोप खरा करून दाखवतो, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

मजूर पक्षाचा वाद मुळातून पाहिला तर तो वाक्यांचा आणि चित्रांचा वाद होता असे दिसते. सप्टेंबर २०१५ मध्ये जेरेमी कॉर्बिन पक्षाचे नेते झाले. पॅलेस्टिनींच्या बाजूने अनेक दशके उभा राहिलेला हा माणूस नेता झाल्याचा आनंद ब्रिटनमधल्या मुस्लिम वस्त्यांत जसा झाला, तसा आपल्याकडेही झाला. एप्रिल २०१६ मध्ये ब्रॅडफर्ड वेस्टच्या खासदार नाझ शाह यांच्या जुन्या फेसबुक नोंदी बाहेर आल्या. त्या २०१४ च्या, गाझावरील हल्ल्याच्या दिवसांतल्या, म्हणजे त्या खासदार होण्यापूर्वीच्या. इस्रायल देश उचलून अमेरिकेत नेऊन ठेवावा, असे सुचवणारे चित्र त्यांनी पुढे पाठवले होते. एका जनमत चाचणीबद्दल लिहिताना ‘ज्यू’ एकवटत आहेत, असा इशाराही दिला होता. पहिल्या नोंदीला कडवट विनोद म्हणून सोडून देणारे लोक भेटतील. दुसरीचे काय करायचे? तिथे इस्रायलचे सरकार नव्हते, सैन्य नव्हते. मत नोंदवणारे ब्रिटनचे नागरिक होते, आणि त्यांची ओळख फक्त धर्माने सांगितली होती. ‘मुसलमान एकगठ्ठा मतदान करतात’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकणाऱ्या आपल्या समाजाला या वाक्यातले विष ओळखायला वेळ लागू नये.

नाझ शाह यांना पक्षाने निलंबित केले. त्यांनी संसदेत माफी मागितली. पण या प्रकरणातली आम्हाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट नंतरची आहे. त्या ज्यू समाजाच्या लोकांशी जाऊन बोलल्या आणि आपले शब्द ज्यूद्वेषीच होते, हे त्यांनी आडवळण न घेता मान्य केले. पॅलेस्टाईनबद्दलची भूमिका त्यांनी सोडली नाही. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात, हे एका काश्मिरी वंशाच्या मुस्लिम बाईने दाखवले. आपल्याकडच्या चर्चेत मात्र तिचे नाव निघत नाही. निघते ते केन लिव्हिंगस्टन यांचे. लंडनचे हे माजी महापौर तिच्या बचावाला आकाशवाणीवर गेले आणि हिटलर सुरुवातीला झायनवादाचा समर्थक होता, असे बोलून बसले. १९३३ चा हवारा करार इतिहासात आहे हे खरे. जर्मन ज्यूंना आपली काही मालमत्ता पॅलेस्टाईनकडे वळवून देश सोडता यावा, असा तो करार होता. पण घर पेटलेले असताना खिडकीतून उडी मारणाऱ्याला आग लावणाऱ्याचा भागीदार म्हणणे, हा इतिहास नव्हे. बचावाला गेलेल्या वकिलाने अशिलाचा खटला आणखी बिघडवला, इतकेच.

शमी चक्रवर्ती यांचा अहवाल जून २०१६ मध्ये आला. पक्ष ज्यूद्वेषाने भरलेला नाही, पण वातावरण कधी कधी विषारी होते, असे तो म्हणाला, आणि इस्रायलबद्दल बोलताना हिटलरच्या उपमा टाळा, असा साधा सल्लाही त्याने दिला. थोड्याच महिन्यांत चक्रवर्ती यांना उमरावपद मिळाले आणि अहवालाची पत गेली. मग मार्च २०१८ मध्ये ते भित्तिचित्र पुढे आले. त्याच्यावर थोडे थांबायला हवे.

लंडनच्या पूर्व भागात २०१२ मध्ये एका अमेरिकन चित्रकाराने ते भिंतीवर काढले होते. टेबलाभोवती बसलेले म्हातारे बँकवाले पैशाचा खेळ खेळत आहेत, आणि टेबल उभे आहे ते वाकलेल्या उघड्या माणसांच्या पाठीवर. चित्र पुसण्याचे ठरले तेव्हा कॉर्बिन यांनी फेसबुकवर, का बरे, असे विचारले होते. सहा वर्षांनी ते उकरून काढले गेले, आणि आपण चित्र नीट पाहिले नव्हते याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. त्यांच्या सभ्यपणाबद्दल आम्हाला शंका नाही. पण डाव्या माणसाला ते चित्र पाहताक्षणी आपले का वाटावे? भांडवलशाहीचे चित्र म्हणून ते खपून गेले. त्यातल्या काही चेहऱ्यांची नाके मात्र युरोपने शेकडो वर्षे ज्यूंची टिंगल करण्यासाठी रंगवलेल्या नाकांसारखीच होती. शोषणाला चेहरा द्यायची गरज पडली की चित्रकाराचा हात जुन्या साच्याकडे जातो. जर्मन समाजवाद्यांना हा धोका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळला होता. ज्यूंवर राग काढून भांडवलावर राग काढल्याचे समाधान मिळवणे हा मूर्खांचा समाजवाद आहे, असे त्यांच्यात बोलले जाई.

हे समजायला लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. आमच्या दोन तालुक्यांतल्या कातकरी, ठाकूर आणि कुणब्यांच्या घरांत सावकार ही काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात घेतलेली खावटी आणि सुगीला फेडायची दीडपट-दुप्पट, कोऱ्या कागदावरचा अंगठा, लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायकोने घातलेला वेठीचा जन्म, हे या मातीतलेच. माळशेज चढून वर गेले की पुणे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकरी मारवाडी-गुजर सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ते त्यांनी हिसकावून जाळले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे आमच्या शेजारच्या कल्याण तालुक्यात, किसान सभेचे अधिवेशन भरले. वारली तिथून डहाणू-उंबरगावकडे परतले ते वेठ बंद करण्याचा निर्धार घेऊन. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या जमीनदारांत पारशी होते, इराणी होते, ब्राह्मण आणि वाणी होते, आणि मुसलमानही होते. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना यातल्या कुठल्या एका जमातीविरुद्ध उभे केले असते तर ते त्या दिवसांत सोपे गेले असते. मागण्या राहिल्या त्या वेठीच्या, लग्नगडीच्या, मजुरीच्या दराच्या. शोषण करणाऱ्याचे नाव घ्यायचे, पण त्याच्या जातधर्माचे नाक रंगवायचे नाही, ही शिकवण याच जिल्ह्यात प्रत्यक्ष अमलात आलेली आहे. (‘मारवाडी’ हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरला जातो आणि डाव्या व्यासपीठांवरही आम्ही तो ऐकला आहे, हे इथे नमूद करून पुढे जातो.)

आता दुसरी बाजू. आरोपांचा वापर हत्यार म्हणून झालाच नाही, असे म्हणणारेही सत्याशी प्रामाणिक नाहीत. ज्यूद्वेषाची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१६ मध्ये आली, तिच्या अकरा उदाहरणांपैकी काही थेट इस्रायलवरच्या टीकेविषयी होती. मजूर पक्षाने सुरुवातीला त्यांत फेरफार करून पाहिले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सगळी स्वीकारली. त्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न, स्वतः ज्यू आणि झायनवादी, भाषणावर बंधने घालण्यासाठी आपली व्याख्या वापरली जाऊ नये, असे सांगत राहिले. खुद्द पक्षातले ज्यू सभासद एकमताचे नव्हते. ज्यू लेबर मूव्हमेंट ही शंभर वर्षांची जुनी संलग्न संघटना एका बाजूला होती, तर २०१७ मध्ये निघालेली ज्युइश व्हॉइस फॉर लेबर कॉर्बिनच्या बाजूला. ‘यहुदी लॉबी’ म्हणणाऱ्याला या दोन संघटना एकच कशा दिसतात, हे आम्हाला कोडे आहे. मार्टिन फोर्ड यांचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. ज्यूद्वेषाचा प्रश्न दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध हत्यारासारखा वापरला, असे त्याने नोंदवले. त्याहून आपल्या कामाचे म्हणजे, पक्षात वंशद्वेषाची उतरंड तयार झाली असून काळ्यांविरुद्धच्या आणि मुस्लिमांविरुद्धच्या द्वेषाला तेवढ्या गंभीरपणे घेतले जात नाही, ही तक्रार त्याने दखलपात्र मानली. आपल्या नियतकालिकांतून या अहवालाविषयी ओळभरही वाचल्याचे आम्हाला आठवत नाही. आपल्या बाजूचा पुरावा समोर असताना आपण ‘लॉबी’ घोळवत बसलो.

समता आणि मानवी हक्क आयोगाचा अहवाल २९ ऑक्टोबर २०२० चा. पक्षाने कायद्याचा भंग केला, तक्रारींच्या चौकशीत राजकीय हस्तक्षेप झाला, छळ झाला, असे निष्कर्ष त्यात होते. त्याच दिवशी कॉर्बिन म्हणाले की राजकीय हेतूंनी प्रश्नाची व्याप्ती फार फुगवून सांगितली गेली. आणि त्याच दिवशी पक्षाने त्यांना निलंबित केले. ही शिक्षा जास्त झाली, असे आमचे मत आहे. पण त्यांचे ते वाक्य आम्ही वेगळ्या कानाने ऐकतो. चौकशी अहवाल काय असतो हे ठाणे जिल्ह्यातल्या मुसलमानाला माहीत आहे. शहापूरला लागून भिवंडी आहे. तिथल्या १९७० च्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला होता. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा त्या वेळच्या युती सरकारने तो हिंदूविरोधी आणि एकतर्फी म्हणून झिडकारला. कॉर्बिन आणि ते सरकार यांची तुलना करण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. मुद्दा अहवाल हाती आल्यावर पहिला शब्द कोणता उच्चारायचा हा आहे. ज्याचे दुःख त्या पानांत लिहिलेले असते, त्याला ‘फुगवलेले’ हा शब्द कसा लागतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? ल्युसियाना बर्जर ही गरोदर खासदार आपल्याच पक्षाच्या अधिवेशनात पोलिसांच्या संरक्षणात वावरली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पक्ष सोडून गेली. तिच्या राजकारणाशी आमचे जुळणार नाही. तिची भीती खोटी होती, असे मात्र आम्ही म्हणू शकत नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये ज्यू माणूस आमच्या पाहण्यात नाही. त्यामुळे ‘यहुदी’ हा शब्द इथे चेहऱ्याशिवाय येतो. तकरिरीतून, उर्दू वृत्तपत्रांतून, मोबाईलवरून. पण आसनगावला लोकल पकडून मुंबईला माल आणायला जाणारा आमचा दुकानदार मस्जिद बंदरला उतरतो. तिथले बेने इस्रायलांचे १७९६ पासूनचे सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते, आणि स्टेशनाचे नाव त्यावरून पडले, असे सांगतात. मराठी बोलणारे, कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले हे लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत. ठाण्यातही त्यांचे १८७९ पासूनचे प्रार्थनास्थळ आहे. त्यांतले बहुसंख्य १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथे रंगावरून मिळालेल्या वागणुकीला कंटाळून १९५२ मध्ये काही कुटुंबे धरणे धरून भारतात परत आली. उरलेल्यांना आपण ‘पुरते’ ज्यू आहोत आणि इतर ज्यूंशी लग्न करू शकतो, हे तिथल्या धर्मगुरूंकडून मान्य करून घेण्यासाठी १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरावे लागले. इस्रायल आणि यहुदी हे एकाच गोष्टीचे दोन शब्द मानणाऱ्याने या मराठी माणसांना कुठे बसवायचे? २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउसमधले ज्यू मारले गेले. मारेकऱ्यांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. त्या नकारात जी समज होती, ती आपल्या लेखनात यायला काय हरकत आहे?

गाझासाठी बोलणे थांबवा, असे आम्ही म्हणत नाही. उलट, बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचे मार्ग इथेही आहेत. आझाद मैदानात गाझासाठी सभा घेण्याची परवानगी नाकारली म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलै २०२५ रोजी ती याचिका फेटाळताना खंडपीठाने पक्षाला आपल्या देशातल्या प्रश्नांकडे पाहण्याचा आणि देशभक्त होण्याचा सल्ला दिला. तिकडे ज्यूद्वेषी, इकडे देशाची पर्वा नसलेले. सभा पुढच्या महिन्यात झाली. अशा वेळी पत्रकातल्या एका शब्दाने विरोधकाला आयते कोलीत मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉचडेलच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाने आपलाच मुस्लिम उमेदवार वाऱ्यावर सोडला. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला इस्रायलने जाणूनबुजून होऊ दिला, असे तो बोलून गेला होता. गाझातल्या मेलेल्या मुलांची बाजू मांडायला त्या वाक्याची गरज नव्हती.

हे लिहीत असताना मुरबाडच्या एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, ‘चाचा, यहुदी लॉबी खोडली तर तिथे लिहू काय?’ आम्ही त्याला घडले ते लिहायला सांगितले. कॉर्बिनचा पक्ष डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत २०२ जागांवर आला. युरोपातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर त्याची भूमिका लोकांना कळली नाही. त्याचेच खासदार आणि मुख्यालयातले अधिकारी त्याच्याविरुद्ध होते, बहुतेक वृत्तपत्रेही होती. आणि पक्षाने ज्यू सभासदांच्या तक्रारी वेळेवर हाताळल्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये तोच माणूस इस्लिंग्टन नॉर्थमधून अपक्ष निवडून आला, हेही लिही. हे सगळे पत्रकाच्या एका ओळीत मावत नाही, अशी त्याची तक्रार होती. मग पाच ओळी घे बाबा, कागद काही महाग नाही, असे आम्ही म्हटले.