घडी हॅटला पडायची की पिशवीला?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात. डावीकडची हॅट माझ्या सासऱ्यांची. राखाडी फेल्टची आहे. ते गेल्यानंतर ती आमच्या कपाटात आली. उजवीकडची पिशवी एका दुकानाची. तिथे मी ही हॅट साफ करायला आणि वाफ देऊन आकारात आणायला दिली होती. दुकानाचं नाव सांगणार नाही. काम त्यांनी उत्तम केलं होतं आणि पिशवी काही त्यांनी बनवलेली नाही. पिशवी दिसायला देखणी आहे. जाड काळा कागद, सोनेरी अक्षरं, सुती दोरीचे बंद. दुकानदारानं हॅट काठावर उभी केली, आत सरकवली आणि मला दिली. मी लोकलनं आलो. घरी बाहेर काढली तर पुढच्या काठाला मोड पडलेली. बायको काही बोलली नाही. हॅट घेऊन खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. नंतर वाफेनं मोड बसवली, पण तिरप्या उजेडात रेघ अजून दिसते. पुढे बसलेल्यांना दिसत असेल.

तर आजचं व्याख्यान या पिशवीची समीक्षा आहे. (हशा) हसा, पण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, मग रोज हातात धरतो त्या वस्तूची का नाही?

आधी मापं घेऊ. ही हॅट काठासकट लांबीला ३२ सेंटिमीटर, रुंदीला २८ आणि उंचीला १२. पिशवी ३२ रुंद, ११ खोल, ४० उंच. आता गंमत बघा. हॅट ज्या खोक्यात मावेल त्याचं आकारमान येतं जेमतेम ११ लिटर. पिशवीचं येतं १४ लिटर. म्हणजे जागा भरपूर आहे, कमी नाहीच. पण ती वरच्या दिशेला आहे आणि हॅटला हवी आडवी. पिशवी करणाऱ्यानं हॅट बघितलेलीच नाही. त्यानं शर्ट बघितला, पुस्तक बघितलं, बुटांचं खोकं बघितलं. हॅट ही वस्तू यातल्या कशासारखीच नाही. तिचा माथा पोकळ, काठ पातळ, आणि वजन सगळं मिळून शंभर-दीडशे ग्रॅम. ती जड नाही म्हणून आपण बेफिकीर राहतो. पण काठावर उभी केली की तेवढंसं वजनही काठच पेलतो, आणि लोकलमधला शेजाऱ्याचा कोपरही त्यालाच लागतो. फेल्ट निदान वाफेनं वळते. गवताची हॅट असती तर मोडलीच असती.

मग दुकानदार अशी पिशवी का घेतात? याचं उत्तर पिशवीच्या इतिहासात आहे. थोडक्यात सांगतो, कारण हा भाग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १८५२ साली अमेरिकेत फ्रान्सिस वोल यानं कागदी पिशव्या करणारं यंत्र केलं. पण त्या पिशव्या पाकिटासारख्या, बिनतळाच्या. सपाट तळाची पिशवी तेव्हा हातानंच करावी लागे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मार्गारेट नाइट या बाईंनी तळ घालणारं यंत्र तयार केलं. नमुना एका यंत्रशाळेत बनत असताना चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसानं तो पाहिला आणि स्वतःच्या नावावर पेटंट मागितलं. बाई भांडल्या, आपल्या वह्या आणि आकृत्या पुढे ठेवल्या आणि जिंकल्या. १८७१ साली पेटंट त्यांना मिळालं. पुढे १८८३ मध्ये चार्ल्स स्टिलवेलनं दोन्ही बाजूंना आत जाणाऱ्या चुण्या असलेली पिशवी आणली. ती सपाट रचून ठेवता येते आणि हातात घेऊन झटका दिला की उघडून उभी राहते. वाण्याच्या दुकानात हिनं क्रांती केली. आज आपण जिला कागदी पिशवी म्हणतो ती हीच.

म्हणजे या पिशवीची खरी करामत भरलेली असताना नाही, रिकामी असताना आहे. ती सपाट होते. खोकं सपाट होत नाही. हॅटसाठी खोकी फार पूर्वीपासून आहेत, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत भिंतीला लावायचा रंगीत कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची खोकी बायका हौसेनं बाळगत. पण शंभर रिकामी खोकी ठेवायला दुकानदाराला एक खोली लागेल आणि शंभर पिशव्या गल्ल्याखाली बसतात. त्यामुळे दुकानदाराला मी दोष देत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सपाट होण्याचा त्रास कुणी काढायचा, हा प्रश्न या पिशवीनं हॅटवर ढकललाय. पिशवी सपाट राहावी म्हणून हॅटनं उभं राहायचं.

इथे आपल्याकडची एक टोपी आठवते. गांधी टोपी. ती स्वतःच घडी होते, खिशात जाते, धुता येते, इस्त्री होते. तिला पिशवीच नको. पॅरिसच्या गिब्युसची दाबून चपटी होणारी उंच हॅट, आत स्प्रिंगा घातलेली, तीही याच विचाराची, फक्त महागडी. त्या टोप्यांनी घडी स्वतःकडे घेतली आणि ती सोसेल अशा तऱ्हेनं त्या शिवल्या. फेल्ट हॅटनं असं काही कबूल केलेलं नाही. तेव्हा तिच्या बाबतीत घडी पिशवीकडेच जायला हवी.

आता भूमिती. घाबरू नका, दोनच गोष्टी आहेत.

हा एक कागद घेतो. (कागद दुमडून दाखवतात.) पिशवी मिटते तेव्हा तिच्या दोन्ही अंगांच्या बाजू मधोमध दुमडून आत जातात. प्रत्येक बाजू खोलीच्या निम्मी आत येते. दोन्हीकडून निम्मी-निम्मी, म्हणजे एकूण खोलीएवढी. ती पिशवीच्या रुंदीपेक्षा जास्त झाली तर आतल्या घड्या एकमेकींवर चढतात आणि पिशवी नीट मिटत नाही. चौरस तळ ही मर्यादा झाली. हॅटसाठी ३४ रुंद आणि ३० खोल असा तळ घेतला तर आपण मर्यादेच्या आत आहोत, मध्ये चार सेंटिमीटर मोकळे राहतात.

दुसरी गोष्ट माझे विद्यार्थी हमखास विसरतात. तळाच्या कोपऱ्यांतून तिरक्या घड्या निघतात, ४५ अंशांनी, आणि बाजूच्या मधल्या रेषेवर भेटतात. किती उंचीवर? खोलीच्या निम्म्या. खोली ३० तर भेट १५ सेंटिमीटरवर. म्हणजे पिशवीची भिंत १५ पेक्षा उंच असलीच पाहिजे, नाहीतर तिरक्या घड्या भेटायच्या आधीच कागद संपतो. हॅट बारा उंचीची आहे म्हणून बुटकी पिशवी करू म्हणाल, तर ती मिटणार नाही. मी २४ उंची धरतो.

आणि एक मौजेची गोष्ट. देव्हिन बाल्कम आणि डिमेन पितापुत्र, एरिक आणि मार्टिन, यांनी दाखवून दिलंय की नेहमीच्या घड्यांची पिशवी जर कडक पत्र्याची, फक्त घड्यांवर बिजागऱ्या लावून केली, तर ती मिटणारच नाही. पूर्ण उघडी किंवा पूर्ण मिटलेली, या दोनच अवस्था. एकीतून दुसरीत जायला वाट नाही. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या वैना वू आणि झाँग यू यांनी जादा घड्या घालून कडक पिशवीही मिटेल असा उपाय दिला. आपली रोजची पिशवी मिटते ती कागद वाटेत जरासा वाकतो म्हणून. गणिताला कागदानं दिलेली ती सवलत आहे! म्हणून हॅटच्या पिशवीला फार जाड कागद घेऊ नये. भारी दिसावी म्हणून अडीचशे जीएसएमचा पुठ्ठावजा कागद घेतात आणि चार वेळा उघडझाप केली की कोपरे फाटतात. १२० जीएसएमचा क्राफ्ट पुरतो.

याच विषयावर मी वर्गात एक काम दिलं होतं. त्यातली एक पिशवी मला अजून आठवते. आठकोनी, वरचं तोंड फुलासारखं पिळून मिटणारं, घड्या चाळीसहून जास्त. बघणारा प्रत्येक जण "वा!" म्हणत होता. मीही म्हणालो. मग मी ती घरी करायला बसलो. सगळं हाताशी असूनही पाऊण तास लागला आणि तरीही पाकळ्या नीट बसेनात. त्या मुलीला मी विचारलं, ही शंभर कोण करणार? २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कागदी पिशव्या हातानं करणाऱ्या बायका ठिकठिकाणी दिसतात. रद्दी, खळ, पट्टी, आणि दुपारचे दोन तास. पैसे नगावर किंवा शेकड्यावर. आपण कागदावर घातलेली प्रत्येक जादा घडी कुणाच्या तरी बोटांवर जाते आणि तिचे पैसे वाढतातच असं नाही. ती पिशवी सुंदर होती, यात वाद नाही. पण दुकानाच्या पिशवीनं त्रास हॅटवर ढकलला आणि या पिशवीनं बाईवर. दोन्हींत पिशवी स्वतः नामानिराळी. मी तिला कमी गुण दिले आणि ती माझ्यावर बरेच दिवस नाराज होती.

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवली, आता माझी पिशवी दाखवतो. तुम्हीही ठेवा.

३० बाय ४० इंची कागद बाजारात सहज मिळतो. म्हणजे ७६ बाय १०२ सेंटिमीटर. पिशवीचा घेर १२८ होतो, तेवढी लांब पट्टी एका तुकड्यात निघत नाही. म्हणून ६६ बाय ४१ चे दोन तुकडे काढून जोडायचे. ४१ मध्ये २४ भिंतीचे आणि १७ तळाच्या दुमडीचे. दोन्ही तुकडे एकाच कागदातून निघतात आणि खाली ७६ बाय २० ची पट्टी उरते. ती टाकायची नाही. तिची करायची चुंबळ.

चुंबळ सगळ्यांना माहीत आहे? घागर डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती. इथे काम तेच, जागा उलटी. आठ सेंटिमीटर रुंदीची दुहेरी पट्टी, हॅटच्या आतल्या घेरापेक्षा किंचित लहान, लंबगोल. टोकं चिकटवायची नाहीत, खाचेत खाच अडकवायची, म्हणजे ५६ च्या डोक्याला आणि ६० च्या डोक्यालाही चालते, आणि सुटली की सपाट. चुंबळ तळावर उभी करायची आणि हॅट तिच्यावर घालायची, जशी डोक्यावर घालतो तशी. थोडी आत जाते, काठ तळापासून पाच-सहा सेंटिमीटर वर तरंगतो. कशालाच टेकत नाही.

हॅटवाले म्हणतील, हॅट माथ्यावर उलटी ठेवावी. घरात टेबलावर, अगदी बरोबर. पिशवीत नाही. का ते सांगतो. बंद धरून उचललं की समोरासमोरच्या भिंती वरून आत झुकतात. भिंतीचा खालचा भाग मात्र जवळपास जागेवर राहतो. उलट्या हॅटचा काठ बारा सेंटिमीटरवर येतो, झुकणाऱ्या भिंतीच्या तोंडी. सुलट हॅटचा काठ खाली सुरक्षित, आणि वर निमुळता माथा, जिथे भिंत आत आली तरी बिघडत नाही. तळ झोळ होऊ नये म्हणून एक सुटा पुठ्ठा, ३३ बाय २९. चिकटवायचा नाही, मिटताना बाहेर येतो.

दोष? आहेत. पावसात ही पिशवी निकामी, पण ते कागदाच्या नशिबी आहेच. गर्दीत आडवी धरल्यामुळे लोक रागानं बघतात. आणि ती काळ्या-सोनेरी पिशवीइतकी देखणी नाही, बसकी दिसते, मिठाईच्या पुड्यासारखी. हात बसलेल्या माणसाला एक करायला आठ-नऊ मिनिटं लागतात. साध्या पिशवीच्या मानानं ते जास्तच आहे, तेव्हा मजुरीही त्या हिशेबानं धरावी लागेल.

मागच्या महिन्यात त्याच दुकानात गेलो. मालकांना पिशवी दाखवली. त्यांनी उलटसुलट केली, चुंबळ काढून परत घातली आणि विचारलं, "नाव कुठे छापायचं?" मी म्हटलं, झाकणासारखी वरची दुमड आहे तिथे. ते म्हणाले, "मग दिसणार कुणाला?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर सुचलं, रुंद भिंतीवर, खालच्या अर्ध्या भागात छापा, पिशवी उचलली तरी तो भाग सरळ राहतो. पुढच्या खेपेला तसं छापून नेणार आहे.

प्रश्न घेऊ. हो, तुम्ही बोला, काकू.

(प्रश्न: यांच्या वडिलांची पुणेरी पगडी आहे. ती यात चालेल का?)

पगडीला असा पसरलेला काठ नाही, त्यामुळे काठ तरंगता ठेवायची काळजी मिटली. पण तिला कोकी आहे, वर आलेली, आणि तिला धक्का लागून चालणार नाही. तळ लहान होईल, भिंत तेवढीच ठेवावी लागेल आणि चुंबळ पगडीच्या आतल्या मापाची करावी लागेल. पुढच्या वेळी पगडी घेऊन या. पण येताना पिशवीत घालू नका, हातात धरून आणा. कागद आणि कात्री मी आणतो.